मुंगी चावते तेवढंच

एप्रिल संपत आला होता. लॅबमध्ये सेंट्रिफ्यूज गरगरत होतं, मी नळ्यांवर नंबर टाकत होते, तेवढ्यात डॉक्टर मॅडमचा फोन आला. "मे महिन्यातल्या सात सकाळी मला दे. मुलांचं शिबिर घेतेय. शरीर कसं चालतं ते हातानं करून बघायचं, फळ्यावर नाही. काचपट्ट्या, नळ्या, मायक्रोस्कोप तू सांभाळ."

मी म्हटलं, "मॅडम, मला पाहिलं की पोट्टे पळतात."

खोटं नव्हतं. सत्तावीस वर्षं झाली रक्त काढतेय. आमच्या वस्तीत माझं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक आहे. मी सुईवाली मावशी. पोरगं जेवत नसलं की आया खिडकीतून माझ्याकडे बोट दाखवतात आणि घास आत ढकलतात.

"म्हणूनच ये," मॅडम म्हणाल्या आणि फोन ठेवला. तीस वर्षं त्यांनी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला शरीरक्रियाशास्त्र शिकवलं. 'नाही' ऐकायची सवयच नाही.

हनुमाननगरातल्या एका शाळेचा हॉल मिळाला. वेळ सकाळी सात ते दहा. नागपूरचा मे ज्यांनी काढलाय त्यांना वेळेचं कारण सांगायला नको. अकरा वाजले की रस्ते ओस पडतात, सिग्नलवर बांधलेल्या हिरव्या जाळीखाली गाड्यांची दाटी होते आणि दुपट्ट्यात गुंडाळलेल्या तोंडांतून बाप कोणता नि लेक कोणता ते कळत नाही. चोवीस मुलं आली, चौथी ते आठवीची. पहिल्याच दिवशी एका बाबांनी विचारलं, "मॅडम, यात नीटचा सिलॅबस कव्हर होईल का?" मॅडम म्हणाल्या, "नाही. यात तर्रीपोहे आहेत." ते हसले, पण मुलगा सहावीतच आहे हे त्यांच्या लक्षात आलं की नाही, देव जाणे.

माझ्या वाट्याला आलेलं पहिलं काम निघालं मटणाच्या दुकानातलं. मी दुकानात जाऊन म्हटलं, "भाऊ, आठ काळजं द्या." त्यानं तराजूत लालतपकिरी, लिबलिबीत ढीग टाकला.

"हे नाही हो. काळीज पाहिजे."

"मंग हे काय हाय ताई? काळीजच तर हाय."

"धडधडतं ते."

"हां, दिल! दिल म्हना ना मंग."

मॅडमना सांगितलं तर त्या टाळी देऊन हसल्या. म्हणाल्या, त्याचंच बरोबर आहे. काळीज हा शब्द संस्कृतातल्या 'कालेय'वरून आला, आणि कालेय म्हणजे यकृत. म्हणजे बघा, आपलं काळजात धस्स होतं, काळजाचं पाणी होतं, लेक सासरी निघाली की काळीज तुटतं, आणि इतका सगळा वेळ आपण बोलत असतो लिव्हरविषयी. एक खाटीकच काय तो शब्दाच्या मूळ अर्थाला धरून आहे.

त्याला मी आणखी एक सांगितलं होतं, की वरच्या नळ्या कापू नका. त्यानं सुरी थांबवली. "खानार नाई? मंग घेता काऊन?" पोरांना शिकवायला म्हटल्यावर त्याचा चेहराच बदलला. आत गेला आणि श्वासनलिकेसकट अख्खी फुप्फुसं घेऊन आला. "हे बी न्या. पैसे नको. फुगवून दाखवा पोट्ट्यांले, लहानपनी आम्ही लय फुगवले." आणि खरोखर, दुसऱ्या दिवशी सायकलच्या पंपाची नळी श्वासनलिकेत घालून मॅडमनी दोन दट्टे मारले, तर काळपट, सुरकुतलेला तो गोळा गुलाबी होत-होत टेबलभर पसरला आणि दट्टा थांबताच आपणहून आक्रसला. फुगवायला जोर लागतो, सोडायला लागत नाही, हे मी पुस्तकात वाचलं होतं. डोळ्यांनी त्या दिवशी पाहिलं.

हृदयाच्या सकाळी चौघाचौघांना एकेक हृदय दिलं, वर दोन उरली. हातमोजे मोठे, मुलं लहान; बोटांची टोकं रिकामी लोंबत होती. मॅडमनी कापायच्या आधी एक गंमत केली. एक हृदय उभं धरलं आणि महाधमनीच्या तोंडात ग्लासातलं पाणी ओतलं. सगळ्यांना वाटलं, पाणी खालून गळणार. नाही गळलं. आतल्या तीन छोट्या झडपा फुगून एकमेकींना भिडल्या आणि पाणी तिथंच थांबलं. कडेच्या बारीक छिद्रांतून थोडं झिरपत होतं, तर मॅडम म्हणाल्या, "ते बघा, हृदय स्वतःचं जेवण तिथून घेतं." जनावर केव्हाच गेलेलं, आणि झडप आपलं काम चोख करून राहिलेली! मागच्या पोरानं नकळत "अबे!" म्हटलं. शिबिराच्या अहवालात लिहायचं तर मी तेवढंच लिहीन.

सगळ्यांत आधी त्या धमनीत बोट घातलं ते जिच्या घरी कांदालसूणही चालत नाही अशा मुलीनं. आजीनं तिला पाच दिवस मागच्या नळावर आंघोळ घालून मगच घरात घेतलं म्हणे. तिनं हृदय उभं चिरलं आणि दोन्ही बाजूंच्या भिंती चिमटीत धरून पाहिल्या. उजवी पातळ, डावी जवळजवळ तिप्पट जाड. का, असं मॅडमनी विचारलं. उत्तर तिचंच: "उजवीकडच्याला शेजारी वाटी पोचवायची आहे, डावीकडच्याला वर्ध्याला." फुप्फुसं शेजारी, पायाची बोटं वर्ध्याला. मी एवढ्या वर्षांत इतकं छान ऐकलं नव्हतं. आत झडपांना बांधलेले पांढरे, चिवट दोर दिसले तर दुसरा म्हणाला, "पतंगाची कन्नी!" तसंच आहे ते. कन्नी तुटली की पतंग उलटतो, दोर तुटला की झडप.

या सगळ्यात चक्कर आली ती कुणाला? मोबाइलवर शूटिंग करत असलेल्या एका बाबांना. पांढरेफटक पडले आणि दारालगत खाली बसले ते आडवेच झाले. मॅडमनी त्यांचे पाय बाकावर ठेवले आणि मुलांना बोलावलं, "या, नाडी मोजा." बावन्न. रक्त पाहून घाबरलं की काहींची नाडी वेगानं धावायची सोडून मंदावते, दाब घसरतो, मेंदूला रक्त कमी पडतं आणि माणूस खाली येतो. खाली आल्यानंच मेंदूला पुन्हा रक्त मिळतं, म्हणजे पडणं हेच औषध. बाबा पाच मिनिटांत उठले. त्यांच्या लेकानं ते सगळं वहीत लिहून घेतलं होतं, वेळेसकट.

स्टेथोस्कोप मात्र आमचा घरचा. नरसाळं, कूलरच्या पंपाची अर्धा मीटर नळी, नरसाळ्याच्या तोंडावर ताणून बांधलेला फुगा. नागपुरात मे महिन्यात कूलरची नळी नाही असं हार्डवेअरचं दुकान नसतं. पॅरिसच्या लेनेक नावाच्या डॉक्टरानं १८१६ मध्ये एका मुलीच्या छातीला कान लावायचा संकोच वाटला म्हणून कागदाची सुरळी केली, तिथून ही सगळी नळ्यांची घराणी सुरू झाली. मुलांना संकोच वगैरे काही नव्हता. त्यांनी एकमेकांच्या छात्या ऐकल्या, मग पाठी, आणि पोहे झाल्यावर पोटं. तर्री पोटात गेल्यावर आतडी काय बोलतात ते ऐकून दोघं जमिनीवर लोळले.

माझा आवडता तास हार्वेचा. शाळेचे शिपाईकाका साठीला आलेले, आयुष्यभर बाकडी उचललेले, हातावर दोरखंडासारख्या नसा. खरं सांगते, अशी नस पाहिली की आमच्या धंद्यातल्या माणसाच्या तोंडाला पाणी सुटतं. काकांनी बाही वर केली. दंडाला पट्टा आवळला, नसा फुगल्या. मी मनगटाकडच्या एका नसेवर बोट दाबलं आणि दुसऱ्या बोटानं त्यातलं रक्त कोपराकडे पुसत नेलं. मधला तुकडा सपाट झाला, आणि वरचं रक्त एका गाठीपर्यंत येऊन अडलं. खाली येईना. गाठ म्हणजे झडप. मनगटाकडचं बोट उचललं, नस खालून भरली, टप्पकन. रक्त एकाच दिशेनं जातं आणि फिरून परत येतं हे विल्यम हार्वेनं १६२८ साली ज्या पुस्तकात मांडलं, त्यात असाच एक हात काढलेला आहे. मग चोवीस मुलांनी काकांचा हात आळीपाळीनं वापरला. काका खुर्चीत बसून चहा पीत होते, दुसऱ्या हातानं. संध्याकाळी मला म्हणाले, "ताई, आजवर या हातानं फक्त घंटा वाजवली होती."

रक्तगटाच्या तासाला खरं रक्त काढायचं नाही हा मॅडमचा नियम, आणि तो बरा होता. दुधात लाल रंग घालून चार वाट्या केल्या, एका ड्रॉपरमध्ये पाणी आणि एकात लिंबाचा रस. फाटलं की गुठळी झाली असं समजायचं. रक्तगट शोधून काढणाऱ्या लँडस्टायनरचं नाव घेतलं, पण जास्त वेळ बोललो ते 'बॉम्बे ब्लड ग्रुप'बद्दल. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं रक्त सापडलं, जे वरकरणी ओ दिसतं पण ओ गटाचंही रक्त त्याला चालत नाही. आपल्याकडे दहा हजारांत एखादा. इतक्या नळ्या माझ्या हाताखालून गेल्या, पण मला अजून एकही भेटलेला नाही. मुलांनी लगेच ठरवून टाकलं की आपल्यातला एक तरी बॉम्बे असणार.

आता गोंधळाचं. मंगळवारी रात्री साडेनऊला मॅडमना एका आईचा फोन. "मॅडम, काय शिकवून राहिल्या हो तुम्ही? यानं आजोबांचं लोणचं बंद केलं!" त्या दिवशी मुलांना रक्तदाब मोजायला शिकवलं होतं. घरी मशीन होतं. आजोबा बाजारातून पिशव्या घेऊन दोन जिने चढून आले, तो नातवानं दारातच पट्टा बांधला आणि आकडा आला १७२. नातवानं जाहीर केलं की आजोबांना बीपी आहे. आजी रडायला लागली, लोणच्याची बरणी माळ्यावर गेली, आणि आजोबा खरोखरच चिडल्यामुळे पुढचा आकडा आणखी वर. दुसऱ्या दिवशीचा पहिला तास मॅडमनी त्यावरच घेतला. बसायचं, पाठ टेकवायची, पाय जमिनीवर, पाच मिनिटं बोलायचं नाही, हात हृदयाच्या उंचीवर, पट्टा दंडाच्या मापाचा. आणि एका आकड्यानं कुणी आजारी ठरत नाही. "पहिली चूक मी केली," त्या म्हणाल्या. "यंत्र आधी दिलं आणि थांबायचं नंतर सांगितलं." आजोबा बुधवारी स्वतः आले. नीट बसवून मोजलं तर १३४. लोणचं निम्म्यावर आलं, तो तह आजीनं केला.

सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, त्याचा पुतळा एका दिवसासाठी उसना मिळाला होता. छाती पाच सेंटिमीटर दाबायची, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. चौथीतल्या मुलांकडून ती दोन सेंटिमीटरही दबेना, म्हणून त्यांना १०८ लावायला आणि पत्ता न अडखळता सांगायला शिकवलं. आपला पत्ता खुणेसकट सांगता येणं हे आठवीतल्यांनाही जमत नाही, हे त्या दिवशी कळलं.

उन्हाचा तास म्हणाल तर तो नागपुरातच घ्यावा. घाम म्हणजे अंगाला बसवलेला कूलर, मॅडम म्हणाल्या आणि हॉलमधल्या कूलरच्या ओल्या ताटीवर एकेकाचा हात ठेवला. पाणी वाफ होऊन जाताना उष्णता घेऊन जातं. मेमध्ये हवा कोरडी, पाणी झपाट्यानं उडतं, खोली गार. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की तोच कूलर नुसता चिकचिकाट करतो, कारण हवेतच जागा नाही. घामाचंही तेच. पण कूलरची टाकी रिकामी झाली की पंप जळतो. अंगातलं पाणी संपलं, ताप चाळीसच्या वर गेला, माणूस बरळायला लागला, की ते साधं ऊन लागणं राहत नाही. आधी गार करायचं, ओलं करायचं, वारा घालायचा, आणि दवाखाना. एकीनं विचारलं, आजी खिशात कांदा ठेवायला सांगते, ते? "ठेव ना. कांदा खिशात, पाणी पोटात."

मग मीठसाखरेचं पाणी. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा सपाट म्हणजे सपाट. बोटानं कड पुसून. सहा गटांपैकी दोन गटांचं पाणी मॅडमनी ओतून दिलं, कारण ते अश्रूंहून खारट होतं. साखर काय चवीसाठी? नाही. आतड्याच्या भिंतीत एक दार असं आहे की तिथून साखर आणि मीठ जोडीनंच आत जातात, आणि त्यांच्या मागोमाग पाणी. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरानं माणसं पटापट मरत होती, सलाइन संपलं होतं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ही पूड ड्रममध्ये कालवून आयाबायांच्या हातात पेले दिले. मृत्यू तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या आत आले. मुलांनी राहिलेलं पाणी गुपचूप पिऊन टाकलं. कुणी तोंड वाकडं केलं नाही.

त्या पाण्याचे तीन पेले एकटीनं प्यायली ती सहावीतली मुलगी. दोन वेण्या आणि गळ्यात कायम निळी बाटली. दर पंधरा मिनिटांनी घोट. पोरांनी दुसऱ्याच दिवशी तिचं नाव 'उंटीण' ठेवलं होतं. ती पाणी का पिते ते त्या हॉलमध्ये मला एकटीला ठाऊक होतं. ती चार वर्षांची असल्यापासून मी तिचं रक्त काढतेय. पहिल्या दिवशी तिनं मला पाहिलं, मी तिला पाहिलं, आणि दोघींनी ओळख दाखवली नाही. ज्यांचे रिपोर्ट आपण पाहिलेत ती माणसं बाजारात भेटली तरी नजर साधी ठेवायची, हा आमच्या कामाचाच भाग आहे. ती हे कुठं शिकली कोण जाणे.

शुक्रवारी मायक्रोस्कोप. मॅडमनी रंगवून पक्क्या केलेल्या तीन काचपट्ट्या आणल्या होत्या: निरोगी रक्त, मलेरियाचं रक्त आणि सिकलसेलचं रक्त. विदर्भात शिबिर घ्यायचं आणि सिकलसेल दाखवायचं नाही असं कसं होईल? शिकागोच्या हेरिक नावाच्या डॉक्टरानं ग्रेनाडाहून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात १९१० मध्ये विळ्याच्या आकाराच्या पेशी पाहून लिहिलं, आणि मध्य भारतात त्या असल्याची नोंद १९५८ साली 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या नियतकालिकात छापून आली. एरवी तांबडी पेशी एकशेवीस दिवस जगते, ही दहावीस दिवसांत फुटते. म्हणून रक्त कायम कमी. आणि विळे बारीक नळ्यांत अडकले की हाडांत कळा. अंगातलं पाणी कमी झालं की हे वाढतं. आईबाप दोघांकडून एकेक दोष आला तरच आजार; एकाच बाजूनं आला तर माणूस ठणठणीत, उलट मलेरियाशी थोडा जास्तच चिवट. म्हणून तर जिथं पिढ्यानपिढ्या मलेरिया होता तिथंच हा दोष टिकून राहिला. मॅडम बोलत होत्या आणि मी मुद्दाम त्या मुलीकडे पाहत नव्हते.

तिची पाळी आली. बाटली पाठीवर सरकवून ती वाकली. बारीक फोकसची चकती दोन बोटांनी जरा पुढे, जरा मागे. मागचा मुलगा "चल ना, किती वेळ!" करत होता. ती डोळा न काढता हळूच म्हणाली, "मावशी, माझं असंच दिसते का?"

मी तिच्याजवळ वाकले. "हो. सगळ्या पेशी नाही. काही अशा, बाकीच्या गोल."

"तुम्ही पाहिलं?"

"दर वेळी बघते."

"मंग मले काऊन नाई दाखवलं कधी? एवढ्या वेळा तं घेतलं."

तिची आई पहिल्यांदा आली तेव्हा माझा हात धरून म्हणाली होती, तिला काही सांगू नका, फक्त रक्त कमी आहे म्हणा. मी ते पाळलं. त्यात माझंही सोयीचं होतंच की. सात वर्षांत पंचवीसतीस वेळा मी त्या हाताला पट्टा बांधला असेल, जांभळ्या टोपणाच्या नळीत दोन मिली रक्त घेतलं असेल, आणि दर वेळी तेच वाक्य म्हटलं असेल, जे मी या धंद्यात आले त्या आठवड्यात मला शिकवलं गेलं: मुंगी चावते तेवढंच. तिचं रक्त मी तिच्याहून जास्त ओळखत होते. तिला ते दाखवायचं माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

ती बाजूला झाली. मागच्या मुलानं डोळा लावला. "ए, हे विळे पाहा बे!"

"ते माझ्यात हाय," ती म्हणाली.

त्यानं मान वर केली. "दुखते?"

"हाव. हाडात. पानी कमी झालं का."

"म्हनून बाटली?"

"हाव."

"बरं," तो म्हणाला आणि पुन्हा काचपट्टी बघायला लागला. उंटीण हे नाव मात्र त्या दिवसापासून कुणी घेतलं नाही.

शेवटच्या दिवशी मॅडमनी मुलांना सांगितलं, आज मावशींना काय विचारायचं ते विचारा. मी एक खेळ आणला होता. टेबलावर शिवणाचा दोरा, त्यावर वर्तमानपत्राचं एक पान. डोळे मिटून बोटाच्या टोकानं दोरा शोधायचा. सापडला की दोन पानं. मग चार. नस अशीच शोधतात, डोळ्यांनी नाही. दिसते ती नस अनेकदा दगा देते आणि न दिसणारी, बोटाला स्प्रिंगसारखी लागणारी, ती खरी. बहुतेकांची मजल पाच पानांपर्यंत गेली. ती मुलगी नऊ पानांपर्यंत पोचली. मी स्वतः अकरापर्यंत जाते, तेही सकाळी, हात गार असताना.

मग एकानं विचारलंच. हाच मुलगा तीन वर्षांपूर्वी माझ्या हाताला चावला होता; वण अजून आहे. "मावशी, खरं सांगा. मुंगी चावल्यासारखंच असते का?"

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. शिपाईकाकाही दारातून बघत होते.

"नाही," मी म्हटलं. "जास्त दुखतं."

हॉलमध्ये असा काही आनंद पसरला की विचारू नका. जणू निकाल लागला. मग प्रश्नांची झोड. सुई किती जाड? लहान मुलांसाठी वापरतो ती साधारण अर्ध्या मिलिमीटरहून जरा जास्त. हात हलवला तर काय होतं? नस सुटते, पुन्हा टोचावं लागतं. बघावं की तोंड फिरवावं? ज्याला जे बरं वाटेल ते, पण कुणीतरी आधी विचारायला पाहिजे. तुम्ही 'झालं झालं' म्हणता तेव्हा खरंच झालेलं असते का? मी म्हटलं, नसतं. यावर चावऱ्या मुलानं शेजाऱ्याकडे असं पाहिलं, जणू त्यानं पैज जिंकली होती.

जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाऊस आला. लॅबमधला कूलर बिनकामाचा झाला. एका सकाळी निळी बाटली दारातून आत आली, मागे आई. ती खुर्चीवर बसली आणि मी पट्टा घ्यायच्या आधीच उजवा हात पुढे केला. "डावी पळते. ही घ्या. दिसत नाई पन हाय."

बोट ठेवलं. होती.

सवयीनं तोंड उघडलं गेलं आणि मी ते मिटलं. मग म्हटलं, "दुखेल. पाच मोजेपर्यंत."

ती मोठ्यानं मोजत होती. एकला सुई आत, तीनला नळीत रक्त. पाच झाले तेव्हा नळी अजून पाऊणच भरली होती.

"पाच झाले, मावशी."

"अजून दोन."

"मंग पुढच्या वेळी सातच सांगा."

मी आतल्या खोलीत जाऊन आमच्या सरांना विचारलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि मान हलवली. काचपट्टी ओढली, लेशमन, म्हणजे पेशी रंगवायचं द्रावण, ओतलं, दोन मिनिटांनी पाणी, मग दहा मिनिटं नुसतं थांबायचं. आई घड्याळ बघत होती, शाळेची बस जाणार म्हणून. मुलगी बाटलीतून घोट घेत भिंतीवरचा चार्ट वाचत होती. काचपट्टी वाळली तशी मी तिला आत बोलावलं. तिनं खुर्ची स्वतःच वर केली, डोळे लावले आणि बराच वेळ काही बोललीच नाही.

मग उठली, आईचा हात धरून तिला खुर्चीत बसवलं. आई पदर सावरत वाकली. "मले तं बाई नुसतं धुकं दिसते."

"थांब, आई," ती म्हणाली आणि मागून हात घालून चकती फिरवायला लागली. "डोळा मिटू नको. मी करून देते."